वाचकांचे प्रश्न : संकेतस्थळावर स्वतःचा देवनागरी फॉन्ट

प्रश्न : आमच्या वाचनालयासाठी मी व्हीट आणि रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची साधने वापरून एक लहान संकेतस्थळ तयार केले आहे. मजकुरासाठी मुक्ता हा फॉन्ट घेतला असून, जावास्क्रिप्टमधील फॉन्टफेस या ऑब्जेक्टला फाइलचा पत्ता देऊन तो लोड करतो. माझ्या लॅपटॉपवर सगळे नीट दिसते, पण सर्व्हरवर चढवल्यावर फॉन्ट येत नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलपुढे २०० (म्हणजे ‘मिळाली’) हाच आकडा दिसतो, तरीही कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत, ‘ओटीएस पार्सिंग एरर’ आणि पुढे १००८८२१३५९ असा आकडा येतो. फाइल खराब झाली असेल काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फाइल खराब झालेली नाही, ती ब्राउझरपर्यंत पोचलेलीच नाही, आणि आपण दिलेला आकडाच त्याचा पुरावा आहे. फॉन्टची फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ब्राउझर तिच्या पहिल्या चार बाइटांवरून ओळखतो आणि ते ओळखीचे निघाले नाहीत, तर त्या चार बाइटांची मिळून होणारी संख्या कन्सोलमध्ये छापतो. १००८८२१३५९ ही संख्या पुन्हा चार बाइटांत फोडली, तर कोनकंस, उद्गारचिन्ह, लहान लिपीतला डी आणि लहान लिपीतला ओ ही चार चिन्हे मिळतात. एचटीएमएल पानाच्या पहिल्या ओळीत जे ‘डॉकटाइप’ असते, त्याची ही सुरुवात. (डॉकटाइप मोठ्या लिपीत लिहिले असते, तर आकडा १००८८१३१३५ आला असता, हे दोन आकडे ज्याला पाठ आहेत, त्याचा अर्धा दिवस वाचतो.) सारांश, ब्राउझरने फॉन्ट मागितला आणि सर्व्हरने त्याच्या हाती आपले मुखपृष्ठ ठेवले.

असे घडण्याचे कारण असे की, एकपानी ॲप्लिकेशन, म्हणजे एकाच एचटीएमएल पानात जावास्क्रिप्टने सगळी पाने दाखवणारे संकेतस्थळ, चढवताना ‘जो पत्ता सापडणार नाही, त्याला इंडेक्स पान द्यावे’ अशी सूचना सर्व्हरला बहुधा दिलेली असते. ती आपल्या आतल्या पानांच्या दुव्यांसाठी आवश्यकही आहे. पण तिच्यामुळे न सापडलेल्या फॉन्टलाही ४०४ (‘सापडली नाही’) ऐवजी २०० मिळतो आणि आपली दिशाभूल होते. नेटवर्क टॅबमध्ये आकडा पाहण्याऐवजी ‘कंटेंट टाइप’ पाहावा. तेथे एचटीएमएल लिहिलेले आढळेल.

आता मूळ चूक. आपण फॉन्टफेसला दिलेला पत्ता ही जावास्क्रिप्टच्या दृष्टीने निव्वळ अक्षरांची एक माळ आहे. लॅपटॉपवर व्हीटचा डेव्ह सर्व्हर (काम करताना चालणारा तात्पुरता सर्व्हर) प्रकल्पाच्या मूळ फोल्डरातील फाइली जशाच्या तशा देत असल्यामुळे ‘एसआरसी’ या फोल्डरापासून लिहिलेला तो पत्ता तेथे लागतो. बिल्ड करताना, म्हणजे सर्व्हरवर चढवायच्या फाइली तयार करताना, मात्र व्हीट ज्या फाइली इम्पोर्ट केलेल्या किंवा सीएसएसमध्ये (पानाची सजावट सांगणाऱ्या फाइलीत) उल्लेखलेल्या आहेत त्याच उचलतो, त्यांच्या नावाला हॅश (अक्षरांची व आकड्यांची एक खूण) जोडतो आणि नवे पत्ते स्वतः लिहितो. अक्षरांच्या माळेत दडलेला पत्ता त्याला दिसत नाही. म्हणून फॉन्टची फाइल जावास्क्रिप्टमध्ये रीतसर इम्पोर्ट करावी आणि त्यातून मिळणारा पत्ता फॉन्टफेसला द्यावा, म्हणजे दोष लगेच दूर होईल.

तरीही माझा सल्ला असा की, फॉन्टफेस ऑब्जेक्टच सोडून द्यावे आणि सीएसएसमधील ‘ॲट-फॉन्ट-फेस’ नियमात सापेक्ष पत्ता, म्हणजे त्या सीएसएस फाइलच्या जागेपासून मोजलेला पत्ता, लिहावा. वापरकर्ता स्वतः फॉन्ट निवडतो अशा एखाद्या साधनात ते ऑब्जेक्ट शोभते; वाचनालयाच्या संकेतस्थळाला त्याची गरज नाही. सीएसएसमध्येही एक विलंब उरतोच. पानावर त्या फॉन्टातला मजकूर असल्याचे कळेपर्यंत ब्राउझर फॉन्ट मागवत नाही आणि रिॲक्टचा मजकूर तर जावास्क्रिप्ट चालल्यानंतरच पानावर येतो. तो विलंब खटकत असेल, तर मुख्य वजनाच्या (अक्षराच्या जाडीच्या) एकाच फाइलसाठी इंडेक्स पानात ‘प्रीलोड’चा, म्हणजे फाइल आधीच मागवून ठेवण्याचा, दुवा द्यावा आणि त्यात ‘क्रॉसओरिजिन’ हा गुणधर्म न विसरता लिहावा. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर असला तरी हा गुणधर्म लागतो; तो नसेल, तर तीच फाइल दोनदा उतरवली जाते आणि प्रीलोडचा हेतूच विफल होतो.

प्रश्न : गूगल फॉन्ट्सची एक ओळ पानात टाकली की काम होते आणि तो फॉन्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळामुळे आधीच साठवलेलाही असतो. मग फाइली स्वतः सांभाळण्याचा खटाटोप कशासाठी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : साठवणुकीचा हा लाभ एके काळी खरा होता, आता तो उरलेला नाही. क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये, ८६व्या आवृत्तीपासून, प्रत्येक संकेतस्थळाची साठवण वेगळी ठेवण्यास आरंभ केला; फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये तेच केले आणि सफारी तर त्याआधीपासूनच तसे करत होता. म्हणजे वाचकाने तोच फॉन्ट दहा ठिकाणी उतरवलेला असला, तरी आपल्या पानासाठी तो अकराव्यांदा उतरवला जातो आणि त्यासाठी दोन परक्या सर्व्हरांशी जोडणीही करावी लागते. शिवाय वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीवाचून बाहेर जातो. याच कारणावरून म्युनिकच्या प्रादेशिक न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई देण्यास सांगितले होते. जर्मनीतील एखाद्या महाराष्ट्र मंडळाचे संकेतस्थळ आपण करत असाल, तर हे ध्यानात ठेवावे.

खटाटोप म्हणाल तर फारसा नाही. फॉन्टसोर्स या नावाने एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात) बहुतेक मुक्त फॉन्टांची पॅकेजे आहेत. हवे ते पॅकेज बसवून हव्या त्या वजनाची सीएसएस फाइल इम्पोर्ट केली की पुढचे बिल्ड पाहून घेते. मुक्ता हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा फॉन्ट मुक्त परवान्याचा असल्याने तो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यास अडचण नाही. मात्र शीर्षकांसाठी ठळक वजन वेगळे घ्यावे. ते नसेल, तर ब्राउझर साधे अक्षरच फुगवतो आणि देवनागरीत शिरोरेषा जाड होऊन मात्रा व अनुस्वार एकमेकांत बुजतात.

प्रश्न : इंग्रजी लेखांतील सल्ल्यानुसार मी फॉन्टचे ‘युनिकोड-रेंज’ने (कोणती अक्षरे कोणत्या फाइलीतून घ्यावीत हे सांगणाऱ्या सीएसएसच्या सूचनेने) तुकडे केले : नेहमीची व्यंजने एका फाइलीत, स्वर व मात्रा दुसरीत, क्वचित येणारी अक्षरे तिसरीत. आता जोडाक्षरे मोडतात. काय चुकले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तो सल्ला रोमन लिपीपुरता आहे. रोमन अक्षर एकटे उभे राहते. ‘द्ध’ किंवा ‘स्त्री’ मात्र फॉन्टमधील जोडणीच्या तक्त्यातून घडते आणि तो तक्ता एका फाइलच्या आतच चालतो. दोन फाइलींतील अक्षरांची जोडणी ब्राउझर करू शकत नाही. त्यामुळे कधी पाय मोडलेला द आणि ध सुटे दिसतात, तर कधी संपूर्ण जोडाक्षर यंत्रावरच्या भलत्याच फॉन्टात पडते. देवनागरीचा मुख्य पट्टा, म्हणजे युनिकोडमधील ०९०० ते ०९७एफ, कधीही फोडू नये. त्याच फाइलीत शून्यरुंदीचे दोन्ही जोडक, म्हणजे २००सी आणि २००डी, तसेच रुपयाचे चिन्ह २०बी९ हेही ठेवावे. जोडक यासाठी की, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही जण र, हलन्त आणि जोडक अशा क्रमाने टंकतात.

रोमन फाइल वेगळी ठेवली तर चालते, परंतु त्यातून मराठी पानाची बचत होईल अशी अपेक्षा ठेवू नये. आपण वाक्याच्या शेवटी हिंदीतला उभा दंड (।) वापरत नाही. आपला पूर्णविराम, स्वल्पविराम आणि शब्दांमधली मोकळी जागा हे सर्व रोमन पट्ट्यात मोडते, त्यामुळे निखळ मराठी परिच्छेदासाठीही ब्राउझर दोन्ही फाइली मागवतो. खरी बचत डब्ल्यूओएफएफ-२ हा फॉन्ट-फाइलचा दाबून लहान केलेला प्रकार वापरण्यात आणि अनावश्यक वजने गाळण्यात आहे.

प्रश्न : ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. फॉन्ट बदलावा लागेल काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी इंडेक्स पानाची दुसरी ओळ पाहावी. व्हीटच्या तयार साच्यात पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असते आणि ती बदलण्याचे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तेथे मराठीचा संकेत ‘एमआर’ लिहावा. ज्या फॉन्टात मराठी वळणांची सोय केलेली आहे, तो हा संकेत पाहून पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप निवडतो. ही वळणे राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही सांगितलेली आहेत. संकेत बदलूनही अक्षरे तशीच राहिली, तर त्या फॉन्टात ती सोय नाही असे समजावे आणि तिरो देवनागरी मराठी घेऊन पाहावा. त्यात मराठी वळणे मुळातच आहेत, पण त्याला ठळक वजन नाही.