‘तिला समजवा, आंदोलन सोड म्हणावं’

“मॅडम, तुमचं ती ऐकेल. तिला समजवा, आंदोलन सोड म्हणावं.” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाईंनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच मुलीबद्दल सांगून टाकलं. एप्रिल २०२५मधली गोष्ट. (दोघींच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी अमेरिकेत एमएस करत होती. गाझातल्या संहाराविरुद्ध कॅम्पसवर निदर्शनं होत, त्यात ती असायची. गळ्यात पॅलेस्टिनी रुमाल असलेला तिचा फोटो कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. काकांनी खाली लिहिलं, ‘याच्यासाठी पाठवलं होतं का?’ मुलीनं ग्रुप सोडला आणि तीन आठवडे आईचाही फोन उचलला नाही.

आईची भीती खोटी नव्हती. एप्रिल २०२४मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी शंभरावर जणांना उचललं. मार्च २०२५मध्ये तिथलीच एक भारतीय विद्यार्थिनी व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडून गेली. इथे तर राहतं घर बँकेकडे गहाण. झोप लागणार कशी?

तरी ‘सोड म्हणावं’ हा निरोप मी पोचवत नाही. तो पोचला की मूल आंदोलन सोडत नाही, घरी सांगणं सोडतं. मग व्हिसाचं संकट खरंच आलं तर सगळ्यांत शेवटी घरच्यांना कळतं.

मुलगी व्हिडिओ कॉलवर आली ती डोळे सुजलेली. रात्री दोन-तीनपर्यंत ढिगाऱ्यातले व्हिडिओ बघायची. “बंद केलं तर मी त्यांना सोडून दिलं असं वाटतं, मॅडम.” जेवताना अपराधी वाटतं, म्हणाली. दर शुक्रवारी लायब्ररीच्या पायऱ्यांवर आळीपाळीनं मृतांची नावं वाचतात, तेवढा वेळ तिला बरं वाटायचं. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाची यादी, नाव आणि वय. लहानांपासून सुरुवात. पहिली पानंच्या पानं वय शून्य.

आई शेजारीच होती. तिनं एकदम विचारलं, “शून्य म्हणजे वर्षाच्या आतली?”

बाईंनी तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी केली होती. लसीकरणाच्या रजिस्टरात हजारो बाळांची नावं स्वतःच्या हातानं लिहिलेली. बारसं झालेलं नसलं की आईच्या नावापुढे नुसतं ‘बाळ’. “तिकडे पण तसंच लिहितात का गं?” मुलगी रडायला लागली. मी मध्ये बोलले नाही.

पुढच्या चार बैठका मात्र अगदी व्यवहाराच्या होत्या. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आणि एका वकिलांकडे जाऊन काय चालतं, काय अंगावर येऊ शकतं, हे तिनं स्वतः विचारून घेतलं. रात्री तंबूत राहायचं नाही, इमारतीत घुसायचं नाही. नावांचं वाचन आणि इस्रायलशी संबंधित कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्या असं विद्यापीठाला म्हणणारी निवेदनं सोडायची नाहीत. फोन रात्री अकराला स्वयंपाकघरात ठेवायचा. तंबूतल्या मैत्रिणींपुढे आपण भित्र्या ठरू, हे तिला फार लागलं होतं. मी तिला १९८५ची आठवण सांगितली. कोलंबियाच्याच विद्यार्थ्यांनी तिथल्या हॅमिल्टन हॉल या इमारतीच्या दारात तीन आठवडे ठाण मांडलं आणि त्याच वर्षी विद्यापीठानं तेव्हाच्या वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी धंदा करणाऱ्या कंपन्यांतून पैसा काढायचा ठराव केला. त्या दारापर्यंत गोष्ट पोचायला आधी कित्येक वर्षं अर्ज, सभा, पत्रकं चालली होती. ती करणारीही आंदोलनातलीच माणसं. माझं हे मनापासूनचं मत आहे, तिला धीर द्यायला म्हणून सांगितलेलं नाही.

काकांशी बोलणं अजून बंद आहे, कर्जाचा हप्ता सुरू आहे. शुक्रवारी वाचन संपल्यावर ती घरी फोन करते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. आई जागी असते. आधी विचारते, काही खाल्लंस का. मग विचारते, आज कितव्या पानापर्यंत पोचलात.