टोपी एकच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

आठवीला इंग्रजीतले भूतकाळाचे प्रश्न शिकवायला घेतलेस की मुलं ‘डिड यू वेंट?’ म्हणणारच. हा निष्काळजीपणा नव्हे, म्हणून रागावू नकोस. भूतकाळ सांगायचाय ना, मग मुलं तो ‘डिड’ आणि ‘वेंट’ दोन्हीकडे लावतात. नियम फळ्यावर जाण्याआधी एक कागदी टोपी कर.

चार पुठ्ठे घे, शेवटच्या बाकावरून वाचता येतील अशा अक्षरांचे: ‘यू’, ‘वेंट’, ‘टू सराफा’ (इंदूरचा सराफा बाजार), ‘डिड’. ‘वेंट’च्या पाठीवर ‘गो’ लिही. चार मुलांना एकेक पुठ्ठा दे. पहिले तिघे ओळीत उभे राहतील; टोपी ‘वेंट’च्या डोक्यावर, कारण भूतकाळ त्याच्याकडे आहे. मग ‘डिड’ येऊन ‘यू’च्या आधी उभा राहतो आणि टोपी काढून स्वतः घालतो. टोपी गेली की पुठ्ठा उलटायचा. आता वर्ग वाचेल: ‘डिड यू गो टू सराफा?’ वाक्यात टोपी एकच, हे मुलंच ओरडून सांगतील. पुढे ‘एट-ईट’, ‘सॉ-सी’, ‘बॉट-बाय’ घे. ‘प्लेड’सारखी क्रियापदं शेवटी, कारण त्यांतला बदल कानाला जेमतेम कळतो. ‘डिडन्ट’लाही हीच टोपी.

‘वॉज’ आणि ‘वेअर’ त्या दिवशी आणू नकोस. तिथे ‘डिड’ लागतच नाही. ‘हू एट द कचोरी?’ हेही दुसऱ्या दिवशी. तिथे ‘हू’ स्वतःच कर्ता असतो, त्यामुळे टोपी क्रियापदाकडेच राहते.

टोपीला बारा मिनिटं पुरेत. उरलेल्या तासात चोरीच्या तपासाचा खेळ. गोष्ट अशी: काल रात्री नऊ ते दहा, सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागल्यावर सराफ्यातून कचोऱ्यांचं ताट चोरीला गेलं. दोन संशयित चार मिनिटं बाहेर जाऊन ‘आम्ही दोघं दुसरीकडे होतो’ अशी हकिकत जुळवतात. आत पाच-पाच जणांचे गट सहा-सहा प्रश्न लिहितात. याच वेळी फिरून चुका दुरुस्त कर, नंतर संधी नाही. मग एकेकाला बोलाव. दुसरा बाहेरच, दार लावून. उत्तरांत तीन तफावती निघाल्या की गुन्हा सिद्ध.

खेळ फसतो तो ठरावीक ठिकाणी. संशयित नुसतं ‘येस’ म्हणून सुटतो. पूर्ण वाक्यच हवं, ‘आय वेंट विथ माय कझिन’, म्हणजे टोपी परत क्रियापदावर गेलेली ऐकू येते. ‘आय डोन्ट रिमेंबर’ दोनदाच चालेल. सगळे हो-नाहीचे प्रश्न आले तर ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हॉट’ प्रत्येक गटाला सक्तीचे कर. हकिकत जुळवताना हिंदी-मराठी बोलू दे. तिथे इंग्रजीचा आग्रह धरलास तर हकिकतच लंगडी होते आणि विचारायला काही उरत नाही. चौकशीत मात्र इंग्रजीच. कुणी ‘डिड यू वेंट’ म्हणालं तर तोडू नकोस, टोपी वर धर. तो स्वतःच सुधारेल.

घरच्यासाठी पाच वाक्यांचं आरोपपत्र दे, त्यांत दोन ‘डिडन्ट’ची. वह्या तपासताना आधी फक्त तीच दोन बघ.

तुझा,
काका