‘तू आमच्यातला नाहीस’ हे मुलाला दोन्हीकडे ऐकावं लागतं

पत्र (थोडक्यात):

मी मूळची साताऱ्याची, बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहते. मुलगा 17 वर्षांचा आहे. त्याचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, नेवार्कचे. तो लहान असतानाच आम्ही वेगळे झालो. वडिलांशी त्याचं अधूनमधून फोनवर बोलणं होतं, त्यांच्या घरच्यांकडे जाणं-येणं जवळपास नाही. माझी आई दर वर्षी येऊन काही महिने राहते, त्यामुळे तो मराठी छान बोलतो, पण वाचता येत नाही. सध्या त्याला रॅपचं वेड आहे. आजीची जात्यावरची ओवी त्याने फोनवर रेकॉर्ड केली, तिच्यावर बीट चढवला, मध्ये स्वतःचं इंग्रजी घातलं आणि नेवार्कला एका ओपन माइकमध्ये म्हटलं. खाली उतरल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘तू ड्रेकसारखाच, आमच्यातला नाहीस.’ तेच गाणं आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी दिलं, तर कार्यक्रम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘असलं आपल्याकडे नको. आणि केस जरा कापून आण.’ तेव्हापासून तो खोलीबाहेर येत नाही. त्यातच कॉलेजच्या अर्जात मी ‘एशियन’वर खूण केली म्हणून माझ्याशी कडाक्याचं भांडला. मला वाटतं, हा नाद सोडून त्याने अभ्यासाकडे बघावं. हिपहॉपवाले त्याला कधी आपला म्हणणार आहेत का?
– एक आई

प्रिय ताई,

म्हणतील. पण ‘हिपहॉपवाले’ म्हणजे कुणी परीक्षक मंडळ नव्हे. नेवार्कच्या ज्या वस्तीत तो माइक होता, तिथेच जवळपास त्याची दुसरी आजी, काका-आत्या, चुलत भावंडं राहत असतील. त्या घरात त्याचं येणं-जाणं असतं तर त्या मुलाचं बोलणं त्याने ऐकून सोडून दिलं असतं. ते इतकं लागलं, कारण आपण त्या बाजूचे आहोत की नाही हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही. आणि याबाबतीत मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचं आहे. पण आधी ड्रेकचं काय ते सांगते, कारण तुमच्या पत्रावरून वाटलं की त्या टोमण्याचा अर्थ तुमच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

ड्रेक हा कॅनडातल्या टोरांटोचा रॅपर. आई गोरी, ज्यू. वडील मेम्फिसचे कृष्णवर्णीय ड्रमर. तो लहान असताना आईवडील विभक्त झाले, तो आईकडे वाढला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायचा. 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा रॅपर केंड्रिक लमार आणि तो यांच्यात गाण्यांमधून जे युद्ध झालं, ते जगभर गाजलं. मे महिन्यात आलेल्या ‘नॉट लाइक अस’मध्ये केंड्रिकचा आरोप असा, की हा माणूस गरज पडली की अटलांटाला जातो, तिथल्या कलाकारांच्या जोरावर आपलं दुकान चालवतो, तेव्हा हा सोबती नाही, दुसऱ्याच्या मुलखात घुसणारा वसाहतवादी आहे. त्या गाण्याला फेब्रुवारी 2025 मध्ये पाच ग्रॅमी मिळाले आणि आठवडाभरात अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, सुपर बोलच्या मैदानावर ते पुन्हा वाजलं. तेव्हापासून ‘आमच्यातला नाहीस’ हे शाळाशाळांत पोरं एकमेकांना सुनावतात. तुमच्या मुलालाही तेच हत्यार फेकून मारलं गेलं.

केंड्रिकच्या आरोपात दम आहे असं मला वाटतं. घेतोस तर तिथल्या माणसांचं देणं मान, त्यांच्या सुखदुःखात ये, ही मागणी रास्त आहे. पण तेच वाक्य रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडी आलं की त्यातला हा भाग गळतो आणि उरते फक्त रक्ताची चौकशी. मग ज्या मुलाने कुणाचं काहीच घेतलेलं नाही, जो स्वतःच्या आजीचा आवाज घेऊन मंचावर चढला, तोही त्यात भरडला जातो. हे अन्यायाचं आहे, आणि तुम्ही त्याला तसं स्पष्ट सांगायला हवं. ‘जाऊ दे रे, अभ्यास कर’ हे उत्तर पुरणार नाही.

रक्ताचंच म्हणाल तर कृष्णवर्णीय अमेरिकन घरांमध्ये मिश्र रक्ताचं कुणाला नवल नाही. गुलामगिरीत मालकांनी केलेल्या अत्याचारांतून जन्मलेली मुलं आईबरोबर गुलामच गणली गेली. पुढे व्हर्जिनियासारख्या राज्याने 1924 मध्ये कायदाच केला, की गोऱ्याखेरीज दुसऱ्या रक्ताचा अंश असलेला माणूस गोरा नाही. वंश ओलांडून लग्न करायला तिथे बंदी होती. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर मोडून काढली. गोऱ्यांनी बाहेर ढकललेल्या या पोरांना वाढवलं कुणी? कृष्णवर्णीय आज्यांनी, मावश्यांनी. एकाच घरात गव्हाळ, गोरटे, काळेभोर असे सगळे रंग एका टेबलावर जेवत आले. म्हणून तिथे खरा प्रश्न असतो तो ‘तू कुणाकडचा, कुणाच्या घरी वाढलास’ हा. आपल्याकडे गावात नवीन पोरगा दिसला की म्हातारी माणसं ‘कुणाचा रे तू?’ विचारतात, तसाच.

रॅपर जे. कोलचं उदाहरण घ्या. जन्म जर्मनीत, अमेरिकी लष्करामुळे. आई गोरी, जर्मन. वडील कृष्णवर्णीय सैनिक, जे पुढे घर सोडून गेले. वाढला नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला, आईच्याच हाताखाली. त्याने सांगितलंय की आईकडच्या माणसांवर माझं प्रेम आहे, पण मला स्वतःला कधी गोरं वाटलं नाही. त्याला सहसा कुणी ‘तू कुठला’ म्हणून हटकत नाही, कारण तो फेएटव्हिलला घट्ट धरून राहिला. एका अल्बमला तर त्याने लहानपणच्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला. उलट मेरीलँडचा रॅपर लॉजिक. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी, आणि दिसायला इतका गोरा की समोरच्याला पत्ताच लागू नये. 2017 मध्ये त्याने आपल्या मिश्र असण्यावर भरभरून गाणी केली, आणि ‘हे आम्हाला किती वेळा सांगणार’ म्हणून लोकांनी त्याची वर्षानुवर्षं टर उडवली. मला ती टिंगल क्रूर वाटते. पण त्यातून एक गोष्ट दिसते: जो सारखी ओळखपत्रं दाखवत राहतो, त्याच्याकडे जास्तच संशयाने बघितलं जातं. तुमच्या मुलाने ओळखपत्र दाखवलं नाही. त्याने थेट ओवी लावली. 17 व्या वर्षी ही समज येणं साधी गोष्ट नाही, ताई.

हिपहॉप जन्मापासूनच अशा सरमिसळीचं आहे. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीत बहिणीच्या पार्टीत ज्याने रेकॉर्ड वाजवल्या, तो कूल हर्क जमैकाहून आलेला होता. ब्रेकडान्स आणि डीजेंमध्ये पोर्तोरिकन पोरं पहिल्यापासून होती, आणि त्यांनाही ‘तुझं इथे काय काम’ हे ऐकावं लागलं. तुमच्याच न्यू जर्सीतून फ्युजीज हा तिघांचा हिपहॉप गट निघाला. लॉरिन हिलच्या जोडीला दोघं हैतीच्या घरांतले. रॅपर निकी मिनाज त्रिनिदादची, वडिलांच्या बाजूने तिच्यात भारतीय वंश आहे. 1845 पासून जे मजूर करारावर जहाजांतून त्रिनिदादला नेले गेले, त्यांच्या पिढ्यांमधली. यातलं कुणीही आधी परवानगी घेऊन आलं नाही. पण त्यातल्या प्रत्येकाला वाढवणारी एक गल्ली, एक वस्ती होती.

आता तुमच्याकडे येते. अर्जात तुम्ही ‘एशियन’ एवढंच लिहिलंत. ‘सहज केलं’ म्हणता, आणि मला ते पटतं. काही हिशोब असेल असंही वाटत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतर कॉलेजांत वंश बघून प्रवेश देणं तसंही बंद झालंय. पण त्याच्या जागी बसून बघा. अमेरिकेच्या जनगणनेने 2000 पासून एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची मुभा दिली, कॉलेजचे अर्जही ती देतात, आणि घरात आईने वडिलांची बाजू कोरीच ठेवली. पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली तर तो पोलीस त्याला साताऱ्याचा नातू म्हणून बघणार नाही. ज्या ओळखीचे चटके त्याला एकट्याला सोसायचे आहेत, तीच तुम्ही कागदावरून काढून टाकलीत. भांडला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती. अर्ज अजून गेला नसेल तर त्याच्याजवळ बसा आणि दोन्ही खुणा त्याला स्वतःच्या हाताने करू द्या. निबंधात स्वतःच्या वंशाचा आयुष्यावर काय परिणाम झाला हे लिहायला त्याच निकालाने मोकळीक ठेवली आहे. त्याला हवं असेल तर ओवीचीच गोष्ट लिहू दे. अभ्यास आणि रॅप यांच्यात एकाचीच निवड करायला लावू नका.

घटस्फोटाचं दुःख मी कमी लेखत नाही. त्या घराने तुम्हाला काय दिलं, काय नाही, ते तुम्हालाच माहीत. पण तुमचं त्यांच्याशी नातं तुटलं, त्याचं तुटलेलं नाही. एडिसनहून नेवार्क पेन स्टेशनला थेट गाडी आहे. तासभरही लागत नाही. केसांपासूनच सुरुवात करा. हो, त्याच केसांपासून, ज्यांवर त्या बाई बोलल्या. तुम्ही लिहिलंय की लहानपणी रोज सकाळी बारीक दातांच्या कंगव्याने ओढून ओढून विंचरायचात आणि तो रडायचा. चूक तुमची नव्हती, तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या केसांना रुंद दातांचा कंगवा लागतो, ओले असतानाच, खालच्या टोकाकडून गुंता सोडवत वर जायचं असतं, रात्री सॅटिनचा रुमाल बांधायचा असतो. हे त्याच्या आत्याला झोपेतही येत असेल. एखाद्या शनिवारी त्याला काकाबरोबर नेवार्कच्या त्यांच्या नेहमीच्या न्हाव्याकडे जाऊ द्या. तिथे नुसते केस कापले जात नाहीत. माणसं तास-दोन तास बसतात, म्हातारे तरण्यांना टोचतात, बास्केटबॉल, चर्च, निवडणूक, कोण रॅपर खरा आणि कोण भुरटा, सगळ्यावर वाद होतो. ‘हा माझा पुतण्या’ एवढं काकाने तिथे एकदा म्हटलं की ओपन माइकवरच्या त्या पोराच्या शेऱ्याची धार बरीच बोथट होईल.

‘तो’ शब्द, म्हणजे कृष्णवर्णीयांना हिणवायला वापरला गेलेला, इंग्रजी ‘एन’ने सुरू होणारा, तुमच्या मुलाच्या तोंडून ऐकून तुम्ही चपापलात, हेही लिहिलंय. त्याने तो वापरावा की नाही हे ठरवणारी मी कोण, आणि तुम्हीही नाही. कृष्णवर्णीय घरांतच यावर टोकाची मतं आहेत. 1967 च्या उन्हाळ्यात वांशिक दंगलीत नेवार्क जळताना पाहिलेल्या कित्येक आज्यांना तो शब्द घरात चालत नाही. हे त्याने तिथल्या आजीला विचारावं. मात्र एडिसनमधली आपली देशी पोरं रॅप ऐकून तो एकमेकांना हाक मारायला वापरतात, त्यांना तुम्ही जरूर थांबवा. त्यांना काहीच अधिकार नाही, आणि आपल्याकडे घराघरांत ‘काळी’, ‘काळ्या’ म्हणून जे चालतं ते माहीत असताना तर नाहीच नाही.

मंडळाचा मला खरा राग आला. नेवार्कच्या मुलाने निदान गाणं ऐकून मत दिलं. आपल्या बाईंनी ऐकण्याआधी केस पाहिले. जात्यावरची ओवी गणपतीपुढे नको, आणि कारण काय, तर ती म्हणणारा नातू त्या रंगाचा आहे! तुम्ही साताऱ्याच्या. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण तुमच्याच जिल्ह्यातलं. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना, आणि तेही आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांची सुटका मनात धरून. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर काढली, ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन. तुमच्या मुलाच्या दोन बाजू पहिल्यांदा तुमच्या लग्नात भेटल्या नाहीत. मराठी माणसांनी हे नातं आधीच जोडून ठेवलंय. हे त्याला कुणीतरी सांगा. त्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे उत्तरही आजीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

ओवीबद्दल एक काम त्याच्यासाठी. गाण्यावर आजीचं पूर्ण नाव आणि गाव घालायचं, आणि ही ओवी तिला कुणी शिकवली ते तिला विचारून तेही लिहायचं. सॅम्पल, म्हणजे गाण्यात घेतलेला दुसऱ्याच्या आवाजाचा तुकडा, कुणाचं आहे हे सांगणं ही हिपहॉपमधली सभ्यता आहे, आणि जात्यावर गाणाऱ्या बायकांची नावं आपण आजवर फार कमी वेळा लिहिली. नेवार्कच्या आजीलाही त्याने विचारावं की तुझ्या लहानपणी घरात कोण काय गायचं. चर्चमधलं असेल, कामावरचं असेल. गाण्याचा दुसरा भाग तिथून मिळू शकतो.

मंडळाला मात्र तुम्ही स्वतः पत्र लिहा, त्याच्या नावाने नको. गाणं ऐकून निर्णय द्या, नकार असेल तर कारण लेखी द्या, एवढंच मागा. आणि नेवार्कला फोन करण्याआधी त्याला विचारा. तो ‘आत्ता नको’ म्हणाला तर थांबा, नंबर मात्र त्याच्या हातात देऊन ठेवा.