नाते आणि प्रसंग बदलला की आपली भाषा का बदलते?

एकच माणूस वरिष्ठांशी एका प्रकारे आणि मित्राशी दुसऱ्याच प्रकारे बोलतो, हा दुटप्पीपणा आहे का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तो दुटप्पीपणा मुळीच नाही. बोलणे म्हणजे केवळ माहिती पोचवणे नसून समोरच्या व्यक्तीशी असलेले नातेही त्यात मांडले जाते, आणि हे काम आपण सगळेच बहुधा नकळत करत असतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत केलेली पाहणी याबाबत फार बोलकी आहे. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करून त्यांनी विक्रेत्यांकडून ‘चौथा मजला’ हे उत्तर इंग्रजीत (‘फोर्थ फ्लोर’) वदवून घेतले आणि त्यातील, तिथल्या बोलण्यात अनेकदा गाळल्या जाणाऱ्या, ‘र’चा उच्चार टिपला. उच्चभ्रू ग्राहकांच्या दुकानात तो अधिक वेळा स्पष्ट उमटला. शिवाय ऐकू न आल्याचे भासवून पुन्हा विचारले असता, सावधपणे दिलेल्या दुसऱ्या उत्तरात त्याचे प्रमाण वाढले. ग्राहक तोच, प्रश्नही तोच, तरी केवळ अवधान वाढल्याने उच्चार बदलला.

सर्वनामांच्या निवडीबाबत, म्हणजे ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ याबाबत, रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० मध्ये सत्ता आणि जवळीक हे दोन निकष मांडले. ते मला आजही उपयुक्त वाटतात, पण अपुरेही, कारण नाते तेच राहूनही प्रसंग बदलतो: एरवी एकेरीत बोलणारे दोन सहकारी औपचारिक सभेत एकमेकांना आदरार्थी संबोधतात आणि सभा संपताच पुन्हा एकेरीवर येतात.