संगणक सुरूच होत नसेल तर आधी काय तपासावे?

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका गावात राहतो. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री विजांचा कडकडाट होऊन वीज गेली आणि पहाटे परत आली. सकाळी डेस्कटॉपचे बटण दाबले, तर पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, कसलाच आवाज येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने कॅबिनेट न उघडताच ‘मदरबोर्ड गेला, नवा घ्या’ असे सांगितले. आमच्या दूध संस्थेचे सगळे हिशेब त्यात आहेत. काय करावे?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : सर्वप्रथम हिशेबांविषयी. ते हार्ड डिस्कवर असतात, मदरबोर्डवर (संगणकाचे सर्व भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डावर) नव्हे. मदरबोर्ड खरोखरच निकामी झाला असला, तरी डिस्क शाबूत असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि फायली उतरवून घेता येतात. म्हणून कोणी ‘सगळे फॉरमॅट करावे लागेल’ म्हणाले, तर त्याला होकार देऊ नये. संगणकाला वीजच मिळत नसताना फॉरमॅटचा काही संबंध नाही.

आता बिघाडाकडे वळू. आपल्या वर्णनावरून वीज आतपर्यंत पोचतच नाही असे दिसते, आणि अशा वेळी तपासणी भिंतीपासून आत सरकत करावी. संगणकाची वायर यूपीएस आणि स्पाइक गार्ड (विजेचा झटका अडवणारी सॉकेटची पट्टी) वगळून थेट भिंतीतील सॉकेटला लावून पाहावी. त्याच सॉकेटवर आधी टेबल लॅम्प लावून सॉकेटची खात्री करून घ्यावी. विजांच्या रात्री यूपीएसचा किंवा स्पाइक गार्डचा फ्यूज उडालेला असणे अगदी शक्य आहे. त्यानंतर पॉवर केबल बदलून पाहावी (मॉनिटरची केबल बहुधा तशीच असते) आणि कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीवर) बटण असल्यास ते चालू आहे ना, हेही बघावे.

एवढे करूनही काही घडले नाही, तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर आहे. बाहेरून येणारा विद्युतदाबाचा झटका सर्वांत आधी याच पेटीवर आदळतो. संगणक बंद असतानाही ही पेटी मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक राखीव पुरवठा सतत देत असते, आणि आपण बटण दाबता तेव्हा त्याच पुरवठ्याच्या जोरावर मदरबोर्ड एसएमपीएसला ‘सुरू हो’ असा संकेत देतो. हा राखीव पुरवठाच बंद पडला, तर मदरबोर्ड धडधाकट असूनही बटण दाबून काहीच होत नाही. न उघडता मदरबोर्डला दोष देणे म्हणूनच घाईचे आहे. कॅबिनेटचे झाकण काढून, वीजपुरवठा चालू ठेवून, मदरबोर्डवर एखादा बारीक दिवा लागलेला दिसतो का ते पाहावे. दिसला, तर राखीव पुरवठा येत आहे. सर्व बोर्डांवर असा दिवा नसतो, त्यामुळे तो न दिसण्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये.

एसएमपीएसची परीक्षा घरीही करता येते. वायर भिंतीतून काढून एसएमपीएसच्या सर्व जोडण्या मदरबोर्ड, डिस्क इत्यादींपासून सोडवाव्यात. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधील हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर यांची टोके कागदाच्या क्लिपने जोडावीत आणि मगच वीज चालू करावी. पंखा फिरला, तर पेटी निदान सुरू होते आहे; पण तेवढ्याने ती निर्दोष ठरत नाही. मल्टीमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. सगळ्याच वायरी काळ्या असतील, तर हा प्रयोग जाणकारावर सोपवावा. एसएमपीएसची पेटी मात्र कदापि उघडू नये: आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

एसएमपीएस उत्तम निघाला, तर वीज बंद करून सर्व जोडण्या पूर्ववत कराव्यात; मग कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. संगणक सुरू झाला, तर दोष बटणाचा. नाहीच झाला, तर ग्राफिक्स कार्ड, डिस्क, यूएसबीची साधने काढून रॅमच्या (मेमरीच्या) एकाच पट्टीसह पुन्हा प्रयत्न करावा. एखादा शॉर्ट झालेला भागही सगळे अडवून धरतो. इतके करूनही यश आले नाही, तरच मदरबोर्डचा विचार करावा.

विजेचा झटका केवळ वीजवाहिनीतून येतो असे नाही. राउटरच्या तांब्याच्या लॅन केबलमधूनही तो आत शिरतो. त्यामुळे संगणक सुरू झाल्यावर लॅन पोर्ट चालतो का तेही पाहावे. जुना स्पाइक गार्ड पुन्हा वापरू नये, कारण त्यातील झटका झेलणारा घटक प्रत्येक माराबरोबर झिजतो. आणि घराच्या अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून पाऊस लागण्यापूर्वी करून घ्यावी, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग कमकुवत पडते आणि तेच विजांचे दिवस असतात.