नोकरी सांभाळून व्यायाम, आहार आणि स्वतःचा वेळ: कोकणात राहून आखणी कशी करावी?

आपण विचारले आहे की, चिपळूणहून लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाऊन-येऊन नोकरी करताना सकाळी आठला घर सोडावे लागते आणि परतायला रात्रीचे आठ वाजतात. अशा दिनक्रमात व्यायाम, नीट आहार आणि स्वतःचा वेळ यांचे रोजचे वेळापत्रक कसे बसवावे? मी रत्नागिरीत एका बँकेत अधिकारी आहे आणि मार्चअखेरीस माझाही दिवस आपल्याइतकाच लांबतो. माझे मत असे आहे की, रोजच्या वेळापत्रकाचा हट्ट सोडावा, हिशेब आठवड्याचा ठेवावा आणि इकडची हवा जशी पालटते तशी आखणीही वर्षातून दोन-तीनदा पालटावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी केलेली शिफारसही आठवड्याच्याच मापात आहे. मध्यम श्रमाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटे आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, असे ते माप आहे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की श्रम मध्यम झाले असे समजावे. कामाच्या तीन दिवशी वीस-वीस मिनिटे झपझप चालून रविवारी दीड तास काढला, तरी दीडशे मिनिटे भरतात. रात्री आठला घरी आलेल्या माणसाने पुन्हा व्यायामशाळा गाठावी, हा सल्ला मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

आमच्याकडे भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, चालणारे पुष्कळ आहेत, पण तिथेही घड्याळाइतकीच तिथी पाहावी लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ तासांत निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. त्यानुसार अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती असते आणि वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकराच्या पुढे येते आणि सकाळी सहाला ओहोटी असल्यामुळे ओली, घट्ट पुळण लांबवर मोकळी मिळते. म्हणून मी पंधरवड्यातले काही दिवस पुळणीवर आणि उरलेले रस्त्यावर चालतो.

जून ते सप्टेंबर ही सोय राहत नाही. त्या दिवसांत चालण्याचा आग्रह धरण्यापेक्षा पडवीत सूर्यनमस्कार, जोर आणि बैठका घालाव्यात, म्हणजे ताकदीच्या व्यायामाची बाजू, जी एरवी आपण सगळेच टाळतो, ती आपोआप भरून निघते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दमट उकाड्यामुळे घाम लवकर वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, तेव्हा चालणे ऊन चढण्यापूर्वीच उरकावे. नंतर पिण्यासाठी कोकम घ्यायचे तर बाटली पाहून घ्यावे: अमृत कोकमात साखर भरपूर असते, तर आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ, त्यामुळे रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आगळही बेतानेच घ्यावे.

आहाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली अडचण वेळेची कमी आणि ताटाची जास्त आहे असे मला वाटते. आपले ताट भाताने भरलेले असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. बांगडा किंवा तारली पानात असेल त्या दिवशी त्यांतला बराच वाटा सहज मिळतो. प्रश्न सोमवार-गुरुवारचा आणि श्रावणाचा असतो. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, पण वाटीभर पिठीत, म्हणजे कुळथाच्या पातळ पिठल्यात, कुळथाचे पीठ जेमतेम दोन चमचे असते, त्यामुळे पिठी-भात खाऊन प्रथिने झाली असे समजू नये. मोड आणलेल्या कुळथाची किंवा काळ्या वाटाण्याची दाट उसळ डब्यात न्यावी. कडधान्य रविवारी भिजवून मोड आणून ठेवले की फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते आणि सकाळी शिजवून फोडणी देण्यापुरताच वेळ लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत सुकटीचा आधार चांगला आहे. खारा बांगडा मात्र मिठामुळे रोजचा करू नये.

स्वतःच्या वेळेविषयी इतकेच म्हणेन की, गावाकडे तो नोकरीइतकाच आपल्या रविवारांनी खाल्लेला असतो. लग्न, बारसे, वाडीची बैठक, मग गणपती आणि शिमगा; यांतले काहीच टाळता येत नाही, आणि सगळेच टाळावे असेही नाही. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकताना आपण खरोखर रमत असाल तर तो वेळ आपलाच आहे. आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. त्यांतला एक मी कुणाच्याही आमंत्रणासाठी ठेवत नाही आणि घरच्यांना ते आधीच सांगून ठेवले आहे.

आपल्या कारखान्यात पाळ्या बदलत असतील, तर रात्रपाळीच्या आठवड्यात वरच्यापैकी व्यायाम बिनदिक्कत निम्म्यावर आणावा, पण सात तासांची झोप कापू नये, कारण त्या आठवड्यात घरी येऊन गाडी चालवत पुन्हा महामार्गावर जायचे असते.