वाचक विचारतात : कोलारचे ‘कॅप्टन’ इंग्रज होते का?

प्रश्न : माझे आजोबा कोलारच्या सोन्याच्या खाणीत हिशेबनीस होते. तिथले काही गोरे मुकादम ‘आम्ही इंग्रज नव्हे, कॉर्निश’ असं बजावून सांगायचे, ही आजोबांची नेहमीची गोष्ट. आम्ही नातवंडं हसायचो. हे कॉर्निश म्हणजे कोण? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आजोबांनी ऐकलं ते बरोबरच होतं. इंग्लंडच्या नकाशात खाली डावीकडे पायाच्या अंगठ्यासारखं समुद्रात घुसलेलं टोक दिसतं, ते कॉर्नवॉल. टेमर नदीनं ते बाकीच्या इंग्लंडपासून जवळजवळ कापूनच काढलंय. तिथल्या भाषेत त्याचं नाव कर्नोव. कथील आणि तांबं हा तिथला पोटाचा धंदा. १८६० च्या दशकात तांब्याचा भाव कोसळला आणि खाणकामगार बायकापोरांना मागे ठेवून जगभर पांगले : दक्षिण ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका. १८८० नंतर लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीनं कोलार हाती घेतलं, तेव्हा तिथेही आले. त्यांना ‘कझिन जॅक’ म्हणत. एकाला काम मिळालं की तो ‘माझा एक चुलतभाऊ आहे जॅक नावाचा’ म्हणून दुसऱ्याला चिकटवायचा, असं त्या नावामागचं कारण सांगतात. आणि ‘कॅप्टन’वरून फौजेचा माणूस समजू नका, कॉर्निश खाणीत देखरेख करणाऱ्यालाच कॅप्टन म्हणायची रीत होती.

तुम्ही निदान हसलात, मी तर तोंडावर आपटले. कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सला पोटमाळ्यावरची खोली भाड्यानं घेऊन राहिले होते. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंना सहज म्हणाले, ‘तुम्हा इंग्रज लोकांचा चहा फार कडक बुवा.’ बाईंनी किटली खाली ठेवली, खिडकीतून पूर्वेकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘इंग्रज पुलापलीकडे राहतात.’ पूल म्हणजे टेमरवरचा. नंतरचे दोन दिवस मला चहा मिळाला नाही.

हा नुसता ताठा नव्हे. कॉर्निश भाषा ही वेल्सची वेल्श आणि फ्रान्समधली ब्रेटन यांची सख्खी बहीण, इंग्रजीशी तिचं नातं फार लांबचं. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादलं गेलं तेव्हा कॉर्नवॉलनं बंड केलं आणि ते रक्तात बुडवलं गेलं. भाषा पश्चिमेकडे हटत हटत गेली. माउझल गावची मासेविक्री करणारी डॉली पेंट्रीथ १७७७ मध्ये वारली, तिला शेवटची कॉर्निशभाषक म्हणायची पद्धत आहे (तिच्यानंतरही थोडंफार बोलणारे होते, पण डॉलीची जीभ इतकी तिखट, की लक्षात तीच राहिली). २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. कोलारचे मुकादम तेच म्हणत होते, सरकारला जरा उशिरा ऐकू आलं.

प्रश्न : मी एम.ए. करते आहे. हौसेनं ‘केल्टिक टॅरो आणि ड्रुइड साधना’ असा ऑनलाइन वर्ग लावला (ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित). शिकवणाऱ्या बाई म्हणतात, ही परंपरा तीन हजार वर्षांची अखंड आहे. खरं का? आणि यावर पीएच.डी. करता येईल का? मार्गदर्शक म्हणतात, हा विषयच नव्हे. – एक वाचक, पुणे

उत्तर : बाई चुकतायत. तुमचे मार्गदर्शकही चुकतायत, आणि मला त्यांचा जास्त राग आलाय.

आधी बाईंचा हिशोब. टॅरो हा पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ, त्यातून भविष्य बघायचं फ्रान्समध्ये अठराव्या शतकात सुरू झालं. आठ सणांचं जे वर्षचक्र तुम्हाला शिकवलं असेल, ते १९५० च्या दशकात इंग्लंडात जुळवलेलं. खुद्द ‘केल्टिक’ हे लेबलसुद्धा बघा. ग्रीक लोक युरोपातल्या काही टोळ्यांना केल्टोई म्हणत, ब्रिटनमधल्या लोकांना नव्हे. वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश या भाषांना एका कुळात बसवून त्यांना केल्टिक म्हणायची वाट १७०७ मध्ये एडवर्ड लूइड या वेल्श विद्वानानं पाडली.

आता ड्रुइडांशी जोडल्या जाणाऱ्या गोर्सेधचं घ्या. कॉर्नवॉलमध्ये बॉस्कॉएन-ऊन इथे शेताडीत एकोणीस दगडांचं रिंगण आहे. अठरा ग्रॅनाइटचे, एक पांढऱ्या गारेचा, आणि मधोमध एक तिरका कललेला. तिथे २१ सप्टेंबर १९२८ ला कॉर्नवॉलची पहिली गोर्सेध, म्हणजे कवि-विद्वानांची सभा, भरली. प्रमुख होते हेन्री जेनर, ब्रिटिश म्युझियममध्ये हयात घालवलेला माणूस. १९०४ मध्ये त्यांनी कॉर्निशचं पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. विधी वेल्सकडून घेतला. वेल्सनं तो आणला योलो मोर्गानुगकडून, आणि योलो हा पाथरवट, कवी, अफूच्या अर्काचा व्यसनी आणि अव्वल दर्जाचा बनावटकार! १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर छोट्या दगडांचं रिंगण मांडून त्यानं ही ‘प्राचीन’ सभा उभी केली. आणखी एक, तुमच्या बाईंना सांगू नका : कॉर्निश गोर्सेधमध्ये ड्रुइड हे पदच नाही. सगळे बार्ड (म्हणजे कवी), सगळ्यांचे झगे निळे.

मग खोटं आहे म्हणून सोडून द्यायचं? छे, अभ्यास तर इथूनच सुरू होतो. मेलेली म्हणून सोडून दिलेली भाषा दरवर्षी त्या निळ्या झग्यांतली माणसं जाहीरपणे बोलतात, हे काही खोटं नाही. ते कुणी, कधी, कशासाठी जुळवलं हे विचारा. ‘किती जुनं’ या प्रश्नातून फारसं हाती लागत नाही.

कॉर्नवॉलमधल्याच मॅड्रनच्या विहिरीचं सांगते. पायवाट चिखलाची, शेवटी बिनछपराचं पडकं चॅपेल, आणि त्याच्या अलीकडे पाण्याकाठच्या झाडांना शेकडो चिंध्या. जुनी समजूत अशी, की दुखऱ्या जागेवरचं कापड फाडून बांधायचं. ते कुजत जाईल तसं दुखणं सरत जाईल. मी गेले तेव्हा तिथे नायलॉनची फीत होती, बाळाचा एक मोजा होता, इस्पितळातला प्लास्टिकचा मनगटपट्टा होता. प्लास्टिक कुजत नाही. म्हणजे बांधणाऱ्याला कुजण्याचा भाग ठाऊक नव्हता, की ठाऊक असूनही हाताशी तेवढंच होतं? मी ओल्या बुटांनी अर्धा तास त्या पट्ट्यापुढे उभी होते. तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथे लटकतंय.

माणूस हवा असेल तर चित्रकार इथेल कहून घ्या (आडनावाचं स्पेलिंग बघून घाबरू नका, उच्चार एवढाच). १९०६ चा जन्म, तोही आपल्या शिलाँगचा. गूढविद्या सोडायला नकार दिला म्हणून १९४० मध्ये ब्रिटिश सर्रिअलिस्टांच्या (स्वप्नं आणि अबोध मन रंगवणाऱ्या कलावंतांच्या) गटातून बाहेर पडावं लागलं. पुढे लामोर्नाच्या खोऱ्यात पत्र्याच्या झोपडीवजा स्टुडिओत राहून तिनं कॉर्नवॉलच्या दगडांवर पुस्तक लिहिलं. तिच्यावर एमी हेल या अमेरिकन अभ्यासिकेचा मोठा ग्रंथ २०२० मध्ये आला, मार्गदर्शकांच्या टेबलावर तोच ठेवा. एक्सेटर विद्यापीठाची कॉर्निश अभ्याससंस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, हेही त्यांच्या कानावर घाला. कॉर्नवॉलमधल्या बॉस्कासलच्या जादूटोणा संग्रहालयात अभ्यासकांसाठी ग्रंथालय आहे. २००४ च्या पुरात संग्रहालयात पाणी शिरलं होतं, तरी सावरलं. आणि वर्गाची फी भरलीच आहे तर वही-पेन घेऊन बसा. बाई काय सांगतात, कोण मान डोलावतं, ते टिपा. तेही क्षेत्रकार्यच.

प्रश्न : कॉर्निश भाषा मराठी माणसाला जमेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल. शब्दाचं पहिलं अक्षर वाक्यात बदलतं, तिथे सुरुवातीला वैताग येतो : ‘काथ’ म्हणजे मांजर, पण ‘ते मांजर’ म्हणायचं तर ‘अन गाथ’. आकडे मात्र सोपे जातील, शेवटी दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. तीनला ‘त्री’, सातला ‘सेथ’, दहाला ‘देग’. आणि नऊला ‘नाउ’. मी मराठीतलं ‘नऊ’च म्हणायचे, घरमालकीणबाईंनी कधी सुधारलं नाही.